मॉन्टे कार्लोचं पाणी

आमच्या घरात नव्या गावी गेलं की पहिलं काम ठरलेलं असतं. हॉटेल नाही, प्रेक्षणीय स्थळं नाहीत, फोटो तर नाहीतच. आधी पाणी. गावातला सार्वजनिक नळ शोधायचा, स्टीलचं फुलपात्र भरायचं आणि सगळ्यांनी त्याच फुलपात्राला तोंड लावून प्यायचं. घरातलं सगळ्यात लहान माणूस आधी, सगळ्यात मोठं शेवटी. म्हणजे बाबा शेवटी. एडिंबरा, बाथ, पॅरिस, रोम, सगळीकडे आम्ही असे नळापाशी रांग लावून उभे राहिलेलो आहोत, आणि लोकांनी आमच्याकडे वळून वळून पाहिलेलं आहे. फुलपात्र आईच्या पर्समध्ये असायचं, रुमालात गुंडाळलेलं. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि ते बाबांच्या कोटाच्या खिशात राहायला आलं.

यामागचं कारण मला लहानपणापासून माहीत आहे. मराठवाड्यातल्या ज्या गावात बाबांचं बालपण गेलं तिथे एक विहीर होती आणि तिला आमच्या माणसांनी हात लावायचा नाही अशी रीत होती. कळशी घेऊन लांब उभं राहायचं. वरच्या आळीतलं कुणी पाण्याला आलं आणि त्याच्या मनात आलं, तर तो पोहरा वरून कळशीत ओतणार. मोठी माणसं कामाला जायची, म्हणून कळशीपाशी बसायचं काम घरातल्या सगळ्यात लहान पोराकडे, म्हणजे बाबांकडे. समोर पाणी दिसतंय आणि घसा कोरडा पडलाय, अशा त्यांच्या कितीतरी दुपारी गेल्या. पुढे ते शिकले, इंजिनिअर झाले, रेल्वेच्या सिग्नलच्या कामावर लंडनला आले, ईलिंगमध्ये घर घेतलं. आणि स्वतःच्या घरासाठी त्यांनी हा नियम केला. लहानांनी आधी, आणि भांड्याला तोंड लावून.

माझ्या लेकीला मात्र हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मीच सांगू दिलं नव्हतं. ती विहारात जाते, वंदना तोंडपाठ म्हणते, आपण बुद्धिस्ट आहोत हे शाळेत मोकळेपणाने सांगते. भारतात एके काळी काय चालायचं तेही तिने वाचलंय, जसं रोमन लोकांबद्दल वाचलंय तसंच. पण ती गोष्ट पुस्तकातली नाही, आपल्या आजोबांच्या घशातली आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. ती पाच वर्षांची असताना वॉटफर्डला काही मराठी मंडळींच्या जेवणाला आम्ही गेलो होतो. मी वाढायला उभी राहिले. शेजारच्या बाईंनी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग "म्हणजे नेमके कुठले तुम्ही?" असं विचारलं. उत्तर ऐकल्यावर त्या अगदी गोड हसल्या आणि माझ्या हातातला भाताचा डाव त्यांनी काढून घेतला. "राहू दे हो, मी वाढते." लेक बाजूलाच होती. तिला वाटलं, काकू मदत करताहेत. मी त्याच क्षणी ठरवलं की हिला असंच वाटत राहू दे.

बाबांना हे बिलकुल पटलं नाही. पण माझ्याशी वाद घालून त्यांना कधी यश आलेलं नाही, म्हणून त्यांनी तडजोड केली. "तिने विचारेपर्यंत मी गप्प राहतो माय," ते म्हणाले, "पण विचारलं तर खोटं सांगणार नाही." मी कबूल झाले. गंमत अशी की लेक विचारीचना. आजोबांना हायड्रेशनचं वेड आहे अशी तिची समजूत होती. त्यांच्याच वाढदिवसाला तिने त्यांना थंडगार राहणारी महागडी बाटली भेट दिली. बाबांनी तोंडभरून कौतुक केलं आणि बाटली कपाटात ठेवून दिली.

अशी बारा वर्षं गेली. यंदा बाबांनी ऐंशी ओलांडली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि साउदॅम्प्टनहून सुटणाऱ्या जहाजाची सहल आम्ही ठरवली तेव्हा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी आहे तोवर तिने विचारावं, एवढंच वाटतं." मी विषय बदलला. त्यांना जे व्हावंसं वाटत होतं तेच होऊ नये म्हणून मी बारा वर्षं जपत होते. आणि त्यांच्यावर माझा जीव आहे, ही त्यातली खरी अडचण होती.

जहाजावर बाबा खूश होते. बुफेत रोज नवं काही चाखून पाहायचे आणि शेवटी वरण-भातासारखं जे दिसेल ते घेऊन बसायचे. पण त्यांचा सूट काही अंगावरून उतरत नव्हता. ईलिंगच्या घरात दर्शनी भिंतीवर निळ्या कोटातली एक तसबीर आहे. तिच्यासमोर टायची गाठ नीट केल्याशिवाय बाबा कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायलाही जात नाहीत. माणसांत जायचं तर माणसासारखे कपडे घालायचे, हे त्यांचं म्हणणं. मॉन्टे कार्लोला उतरायचं त्या सकाळी ऊन मी म्हणत होतं आणि बाबा केबिनमधून कोट, वेस्टकोट, टाय अशा थाटात बाहेर आले.

"आजोबा, प्लीज तो कोट काढा ना," लेक म्हणाली. "इट्स बॉइलिंग. तुम्हाला हीटस्ट्रोक होईल."

"तुझी ती पँट फाटलीय गुडघ्यावर. मी काही म्हटलं?"

"ती फॅशन आहे."

"हीसुद्धा," बाबा म्हणाले.

माझा नवरा आदल्या दिवशी डेकवर झोपून चांगला भाजून निघाला होता, म्हणून तो जहाजावरच राहिला. आम्ही तिघं उतरलो. बंदर म्हणजे काय विचारता! पांढऱ्याशुभ्र यॉट एकीला एक लागून उभ्या, त्यांच्यावर गणवेशातली माणसं काचा पुसताहेत, आणि मालकांचा कुठे पत्ता नाही. लेक फोटो काढून काढून थकली. बाबांनी हात मागे बांधून सगळी रांग निरखली.

"एवढा माल यार्डात उभा," ते म्हणाले, "आणि धावत एकही नाही. आमच्याकडे असं झालं असतं तर मेमो आला असता."

शहर डोंगराच्या कुशीत चढत गेलंय. बाबांच्या गुडघ्यांचं कसं होणार याची मला काळजी होती, पण तिथे रस्त्यातच लिफ्ट आहेत. डोंगराच्या पोटात एक दार, आत शिरायचं, बटण दाबायचं आणि वरच्या रस्त्यावर निघायचं. तिकीट नाही, विचारणारं कुणी नाही. बाबांनी दारावरची पाटी वाचून घेतली. "सार्वजनिक," ते म्हणाले. हा त्यांचा फार आवडता शब्द आहे. ईलिंगची लायब्ररी, कौन्सिलचं पार्क, बसचा फुकट पास, ज्याच्या मागे सार्वजनिक हा शब्द लावता येतो ते सगळं बाबांना नात्यातलं वाटतं. वर पोचल्यावर ते म्हणाले, "पुन्हा एकदा जाऊ या का?" आणि खरोखरच आम्ही खाली जाऊन परत वर आलो.

कसिनोच्या चौकात तर डोळे दिपतील असा थाट होता. आमच्याच जहाजावरची चड्ड्या घातलेली मंडळी उभ्या असलेल्या गाड्यांबरोबर फोटो काढत होती. समोरच्या हॉटेलच्या पायऱ्यांपाशी एक दरवान त्यांना हसतमुखाने लांब ठेवत होता. बाबा सरळ पायऱ्या चढून गेले. दरवानाने त्यांचा सूट पाहिला, किंचित वाकला आणि दार उघडलं. बाबा आत गेले, दिवाणखाना पाहिला, त्याला थँक यू म्हणाले आणि बाहेर आले.

"आत काही काम होतं का बाबा?" मी विचारलं.

"नाही. उघडतात का ते पाहिलं."

मला इतकं हसू आलं की तिथल्या कठड्याला धरून उभं राहावं लागलं. लेकही हसली, पण आजोबा भारी स्टायलिश आहेत म्हणून. आम्ही दोघी एकाच गोष्टीला दोन कारणांनी हसत होतो, आणि हे मला नेहमीसारखं सोयीचं वाटलं.

पाणी मात्र सापडेना. असल्या शहरात कुणाला तहान लागत नसावी. बाग होती, फुलं होती, पाण्याचे उंच फवारे होते, पण प्यायचा नळ म्हणून कुठे नव्हता. तासभर आम्ही हिंडलो. बाबांचा चेहरा लाल झाला होता, ते एका पायावर जोर देऊन चालत होते. जहाजावरून आणलेली पाण्याची बाटली मी दोनदा पुढे केली. ती त्यांनी दोनदा परत केली. "आधी गावातलं," ते म्हणाले. त्यांचा हा हट्ट मला कधी मोठा वाटतो, कधी त्याचा वैताग येतो. त्या वेळी वैताग आला होता.

बागेच्या कडेला दगडी हौद होता. सिंहाच्या तोंडातून त्यात पाण्याची धार पडत होती, स्वच्छ, काचेसारखी. बाबा थांबले. खिशातून फुलपात्र काढलं, त्याचा रुमाल घडी करून परत खिशात ठेवला, आणि वाकून ते धारेखाली धरणार, इतक्यात मागून शिट्टी वाजली.

पांढऱ्या गणवेशातला पोलीस होता, पोरसवदा. "नो, नो, मस्यू!" हात हलवत तो लगबगीने येत होता.

फुलपात्र बाबांच्या हातातून सुटलं आणि खणखणत फरशीवर गेलं. बाबा दोन पावलं मागे सरले. त्यांचे खांदे पडले, मान खाली गेली, दोन्ही हात पोटाशी आले. एवढा सूट घातलेला माणूस, पण मला सूट दिसेनासा झाला.

"चुकलं, मालक," ते म्हणाले. मराठीत म्हणाले.

पोलीस बिचारा गडबडला. त्याने धावत जाऊन फुलपात्र उचललं, आपल्या रुमालाने पुसलं आणि दोन्ही हातांनी बाबांना दिलं. मोडक्या इंग्रजीत त्याने सांगितलं की हे पाणी मशिनमधून पुन्हा पुन्हा फिरतं, त्यात औषध असतं, प्यायलात तर पोट बिघडेल, म्हणून धावत आलो, माफ करा. त्याने बाबांना सलाम केला. बाबांनीही मान हलवली, इंग्रजीत आभार मानले, अगदी व्यवस्थित. तो गेल्यावर ते जवळच्या बाकावर बसले. फुलपात्र त्यांनी मांडीवर ठेवलं.

लेक त्यांच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "आजोबा, मालक म्हणजे ओनर ना?"

"हो."

"मग तुम्ही त्याला मालक का म्हटलं? ही फाउंटन काय त्याचा आहे?"

बारा वर्षं ज्याला मी टाळत होते तो प्रश्न असा भर चौकात आला. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. उन्हाने थकलेत ग ते, गोंधळले असतील. एवढं म्हटलं असतं तर तिने ऐकलं असतं, आपल्याजवळची बाटली पुढे केली असती आणि आम्ही जहाजावर परत गेलो असतो. बाबा तिच्याकडे पाहत नव्हते. माझ्याकडे पाहत होते. दिलेला शब्द त्यांनी इतकी वर्षं पाळला होता आणि आता तो प्रश्न समोर असूनही ते माझ्यासाठी थांबले होते. असं दुसऱ्याच्या मर्जीसाठी थांबून राहणं काय असतं, हे त्या माणसाइतकं आमच्यात कुणाला माहीत होतं?

"सांगा बाबा," मी म्हटलं.

त्यांनी सांगितलं. विहीर, कळशी, वरून पडणारं पाणी. हे सगळं मी ऐकलेलं होतं. पण पुढचं मलाही नवीन होतं. एका दुपारी कुणीच येईना, तहान सोसेना, तेव्हा सात वर्षांचे बाबा उठले, विहिरीपाशी गेले आणि त्यांनी पोहऱ्याला हात लावला. मागून कुणीतरी ओरडलं. हातातली कळशी दगडावर आपटली आणि खणखणत खाली घरंगळत गेली.

"तेव्हा हेच म्हणालो होतो मी," बाबा म्हणाले. "चुकलं, मालक. इथे येऊन उभा जन्म गेला, साहेबालाही नावाने हाक मारली मी. मला वाटलं तो शब्द केव्हाच गेला. आतच बसला होता."

"त्यांनी मारलं तुम्हाला?" लेकीने विचारलं.

"नाही. विहीर धुवून घेतली. आणि मग कितीतरी दिवस आम्हाला कुणी पाणी घातलं नाही."

"मग तुम्ही काय प्यायचे?"

"नदीच्या वाळूत झिरा खणायचा. हाताने. गढूळ असतं, पण बसून राहिलं की निवळतं."

लेक फुलपात्राकडे पाहत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "मम, तुला हे माहीत होता?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला त्याचा त्रास होऊ नये असं वाटलं."

"त्रास होतोच आहे," ती म्हणाली. "पण आजोबांची गोष्ट आहे ना. ती मला द्यायचीच नाही, असं कसं?"

तिच्या आवाजात राग होता आणि तो बरोबर होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने तो झटकला नाही. बाबा मधे पडले. "तिचंही बरोबर होतं," ते लेकीला म्हणाले. "आईच ती." मला रडू आलं, आणि मी गॉगल लावला. उन्हात तेवढी एक सोय असते.

लेकीने फोन काढला. मला वाटलं मन रमवायला काढला असेल. ती नकाशावर बोट फिरवत होती. "ड्रिंकिंग वॉटर," ती म्हणाली. "आहे. खाली, मार्केटमध्ये. आपण जिथे उतरलो ना बोटीतून, त्याच्याच मागे." म्हणजे सकाळपासून ज्याच्यासाठी डोंगर चढलो ते बंदराच्या पाठीशीच होतं.

आम्ही पुन्हा त्या लिफ्टने खाली आलो. सकाळपासून कोट काढा कोट काढा म्हणून आजोबांच्या मागे लागलेली पोरगी आता कोटाबद्दल चकार शब्द बोलली नाही. लिफ्टमध्ये तिने फक्त त्याची कॉलर मागून सारखी केली आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

बाजाराचा चौक पाहून मला बरं वाटलं. इथे मॉन्टे कार्लोची झगमग नव्हती. टोमॅटो, फुलं, लिंबं मांडलेली होती, म्हाताऱ्या बाया चाकांच्या पिशव्या ओढत भाव विचारत होत्या, वरच्या खिडक्यांत धुणं वाळत होतं. चौकात एक कारंजं होतं आणि त्याच्या कडेला साधा पितळी नळ. वर फ्रेंचमध्ये लिहिलेलं लेकीने मोठ्याने वाचलं आणि सांगितलं, "प्यायचं पाणी आहे." एका आजीबाईंचा कुत्रा खाली सांडलेलं पाणी लपलप पीत होता. त्याचं होईपर्यंत आम्ही थांबलो.

लेकीने बाबांच्या हातातून फुलपात्र घेतलं, विसळलं, काठोकाठ भरलं. बाबा सवयीने रांगेच्या शेवटी, माझ्या मागे जाऊन उभे राहिले. टायची गाठ त्यांनी सारखी केली. आता ही पिणार, मग मी, मग ते, असंच आजवर होत आलं होतं.

ती प्यायली नाही. फुलपात्र सांभाळत माझ्या बाजूने वळसा घालून ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आजोबा, तुम्ही आधी."

"नाही बाळ. आपल्याकडे सगळ्यात लहान जो असेल तो आधी."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तिथे सगळ्यात लहान तुम्ही होता."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी फुलपात्र घेतलं, काठाला तोंड लावलं आणि प्यायला लागले. घोटभर पिऊन पुढे द्यायचं असतं, पण ते थांबले नाहीत. हनुवटीवरून पाणी टायवर, वेस्टकोटवर सांडत होतं आणि ते पुसत नव्हते. सगळं फुलपात्र त्यांनी एका दमात रिकामं केलं.

"अजून?" लेकीने विचारलं.

त्यांनी मान हलवली, हो म्हणून. तिने नळ पुन्हा सोडला.